व्यावसायिक फुटबॉल क्लबकडून वस्तीतल्या मुलांसाठी नेमके काय मागावे?

तुर्भेकर (प्रश्न)

दगडखाणींत आणि घाऊक बाजारात मजुरी करणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींसाठी आम्ही काही मित्र नवी मुंबईतील तुर्भे स्टोअर परिसरात संध्याकाळी फुटबॉलचा सराव घेतो. डी. वाय. पाटील स्टेडियम असलेले नेरूळ आमच्यापासून लोकलने अवघी दोन स्थानके दूर आहे. मुंबई सिटी एफसी हा क्लब २०१४ आणि २०१५ च्या हंगामांत घरचे सामने तिथेच खेळत असे, आणि २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. आता एखाद्या व्यावसायिक क्लबला पत्र लिहावे, असे आम्ही ठरवले आहे. आमच्यातील काहींना वाटते, की एखाद्या नामांकित खेळाडूने एक दिवस वस्तीत येऊन जर्सी वाटाव्यात, म्हणजे मुलांना हुरूप येईल. मला मात्र त्या दिवसानंतरची चिंता वाटते. अन्यत्र क्लब आणि खेळाडू काय करतात, आणि आपण त्यांच्याकडे काय मागणे रास्त ठरेल?

पाचपाखाडी

आपली चिंता अगदी योग्य आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने १९८६ साली काही क्लबांना हाताशी धरून वस्त्यांमधील हे काम सुरू केले, तेव्हा प्रेक्षकांमधील हाणामाऱ्या आणि वाढती बेरोजगारी यांमुळे क्लब व आसपासच्या वस्त्या यांच्यातील नाते विटलेले होते. पुढे तिथल्या क्लबांनी आपापल्या नावाच्या स्वतंत्र धर्मादाय संस्था स्थापन केल्या. एव्हर्टन या क्लबची संस्था १९८८ पासून काम करते. अशा संस्थेचे विश्वस्त आणि हिशेब वेगळे असतात, त्यामुळे संघाचा हंगाम वाईट गेला तरी शाळांमधील वर्ग त्याच दिवशी बंद पडत नाहीत. कोणत्याही मदतीचे मोल मी तरी याच सातत्यावरून ठरवतो.

चाहत्यांनाही विसरू नका. २०१५ मध्ये एव्हर्टन आणि लिव्हरपूल या एकाच शहरातील कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांनी एकत्र येऊन सामन्याच्या दिवशी गरजूंसाठी शिधा गोळा करायला सुरुवात केली. इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने २०२० मध्ये तर आपले वजनच मुलांच्या पाठीशी उभे केले. लहानपणी तो स्वतः शाळेतील मोफत जेवणावर अवलंबून होता. त्याने खासदारांना जाहीर पत्र लिहिले आणि उन्हाळी सुट्टीतही मुलांना जेवणाची कुपने देण्यास नकार देणाऱ्या ब्रिटिश सरकारला आपला निर्णय बदलावा लागला. एवढा परिणाम केवळ धनादेशाने साधला नसता.

खारेगाव

परदेशाइतकीच जवळची उदाहरणेही पाहावीत. स्पेनचा फुटबॉलपटू हुआन माता २०१७ मध्ये मुंबईत येऊन ऑस्कर फाउंडेशनच्या मुलांना भेटला होता. ही संस्था फुटबॉलच्या ओढीने मुलांना शाळेत टिकवून ठेवते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने आपल्या वेतनातील एक टक्का सामाजिक कामासाठी देण्याचे जाहीर करून 'कॉमन गोल' ही चळवळ सुरू केली, आणि माट्स हुमेल्स, जॉर्जो किएलिनी यांसारखे खेळाडू तिच्यात सामील झाले. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांसाठी जे काम उभारले, त्यामागे सुरुवातीला कोणताही मोठा क्लब नव्हता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. आणि भारताकडून खेळलेला सी. के. विनीत २०२० मध्ये केरळमधील कण्णूरच्या कोविड मदत केंद्रात बसून लोकांचे फोन घेत होता. म्हणून आपण पैशांऐवजी वेळ मागावा, असे मी सुचवेन: वर्षभर आठवड्यातून एकदा क्लबचा पात्रताधारक प्रशिक्षक यावा, आणि त्याने मुलांबरोबरच तुमच्या स्वयंसेवकांनाही शिकवावे. जर्सी वर्षभरात फाटेल, पण शिकलेला स्वयंसेवक वस्तीतच राहील.

नेरूळ पश्चिम

पैशांची बाजूही नीट समजून घ्यावी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. भारतातील बहुतेक फुटबॉल क्लब मात्र तोट्यात चालतात. त्यामुळे त्यांच्याकडे या निधीची अपेक्षा ठेवण्यापेक्षा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातील कंपन्यांना वेगळे पत्र लिहावे. जाहिरातीच्या हेतूने दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरले जात नाही, हेही ध्यानात असू द्या. असा निधी थेट घ्यायचा, तर संस्थेची नोंदणी, १२ए (धर्मादाय संस्था म्हणून करसूट) व ८०जी (देणगीदारांना करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकर कायद्याखालील मान्यता, कंपन्यांचा असा निधी घेण्यासाठी संस्थेने भरायचा सीएसआर-१ अर्ज आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. आपला गट अनौपचारिक असल्यास आधीच नोंदणी झालेल्या एखाद्या विश्वासू संस्थेबरोबर काम करणे सोपे जाईल.

तुर्भेकर

सर्वांचे मनापासून आभार. प्रशिक्षकाचा वेळ मागण्याची सूचना आमच्या गटापुढे ठेवतो. एक अडचण राहते. बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की मुली सरावाला येणे थांबवतात, आणि त्यांच्या घरच्यांशी बोलताना आमचे शब्द अपुरे पडतात.

खारेगाव

मग पत्रात महिला प्रशिक्षकाचीच मागणी स्पष्टपणे लिहा, आणि तिची पहिली भेट मैदानाऐवजी पालकांबरोबर ठेवा. सरावाची वेळ अंधार पडण्यापूर्वीची असावी आणि जवळ स्वच्छतागृह असावे. अनेक घरांतून नकार येतो तो खेळाला नव्हे, या दोन गोष्टींच्या अभावाला. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे पत्रासोबत पाठवू नका. मैदान वापरण्याची महापालिकेची परवानगी असल्यास तिची प्रत मात्र जरूर जोडा, कारण प्रशिक्षक पाठवायचा तर तो कोणत्या मैदानावर आणि कोणाच्या संमतीने शिकवणार, हे क्लबला आधी कळायला हवे.