माथेरानची जुनी हॉटेलं: डागडुजी की सरळ आरसीसी?

नौपाडाकर: माथेरान १८५० मध्ये इंग्रजांच्या नजरेत आणलं ते ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. त्यामुळे आपण ठाणेकरांनी तरी यावर बोललंच पाहिजे. तिथल्या जुन्या हॉटेलांमध्ये व्हरांडे बंद करून खोल्या काढतात, कौलांच्या जागी पत्रा येतो, जांभ्या दगडाच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढतो. माझ्या मते व्हरांडा आणि उतरतं छप्पर यांना हात लावूच देऊ नये. तिरपा पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही तो त्या रुंद व्हरांड्यामुळे. तो बंद केला की भिंत ओल धरते.

खारघर_सिव्हिल: साहेब, सांभाळणाऱ्याला विचारा. वाशांना वाळवी, माकडं कौलं सरकवतात, दर उन्हाळ्यात कौलं परतायची. ही मजुरी कोण देणार? शिवाय मूळ रूप म्हणजे नक्की कोणतं? मंगळुरात बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये, माथेरानचे पहिले बंगले त्याआधीचे. म्हणजे मंगलोरी कौलंही तेव्हा नवीनच होती. शिमल्याचं वाइल्डफ्लॉवर हॉल १९९३ च्या आगीत गेलं, त्याच जागी नवं हॉटेल उभं राहिलं आणि उत्तम चालतंय.

नौपाडाकर: कौलांचं बरोबर आहे. पण जळालेलं पुन्हा बांधणं आणि धडधाकट पाडणं एकच कसं? माथेरानात गाड्या जात नाहीत, बाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात. कौल फुटलं तर एक माणूस दुसरं घेऊन जातो. स्लॅब गळायला लागला की सगळा माल घोड्यावर लादून न्यायचा.

ऐरोलीची_ताई: माझं माहेर माथेरानच्या पायथ्याशी, नेरळचं, म्हणून बोलते. हॉटेल बंद पडलं तर वर कामाला जाणाऱ्या आमच्या माणसांनी काय करायचं? मागच्या बाजूला न्हाणीघरं, वायरिंग, जे हवं ते नवं करू द्या. दर्शनी भाग जपणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्या. २००३ पासून तो भाग इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) आहे, नुसती बंधनं घालून मालक किती दिवस तग धरणार?

खारघर_सिव्हिल: ताईंचं पटतं. वाळवी लागलेल्या लाकडाऐवजी छपराला लोखंडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) चालतील का?

नौपाडाकर: उतार तोच राहिला तर खुशाल घाला.

खारघर_सिव्हिल: आणि व्हरांडा न घेता खोल्या वाढवायच्या कुठून?

नौपाडाकर: वाढवायच्याच नाहीत. आहेत त्या खोल्यांचं भाडं वाढवा, मी देईन.

खारघर_सिव्हिल: तुम्ही द्याल हो. कळव्याहून पोराबाळांसह येणारा देईल का? त्याला परवडणारी खोली हवी असेल तर मला तरी स्लॅबच दिसतो.