प्रतिसाद: ॲपवरून ठेकेदार नेमताना

'ॲपवर साडेचार स्टार आहेत, बाथरूमचं काम देऊन टाकू का?' असं तुम्ही विचारलंय. घाई करू नका, कळकळीने सांगते. आमच्या बोरिवलीच्या फ्लॅटचं काम मी असंच दिलं होतं. निम्मे पैसे आगाऊ घेतले, जुनी लादी फोडली आणि मग ठेकेदार फोनच उचलेना. खालच्या काकूंच्या छताला ओल आली, त्यांच्यासमोर उभं राहवेना.

दुसऱ्या वेळी ठेकेदाराचं जवळचं एक काम आधी डोळ्यांनी पाहिलं. वॉटरप्रूफिंगनंतर, लादी बसवण्याआधी, नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून 48 तास पाणी साठवायला लावलं. खाली जाऊन छत तपासलं, मगच पुढचा हप्ता दिला. ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या. डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, कोण उचलणार तेही लिहा, सोसायट्या त्यावरून काम अडवतात.

पैसे आणि बोलणं ॲपवरच ठेवा, पुरावा राहतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. तरी दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करा.