मदत हवी आहे: हँडल उजवीकडे वळवलं की फ्यूज उडतो

जुनी गाडी, १२ व्होल्ट, बॅटरी इग्निशन, मेन फ्यूज १५ अँपिअर. फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडून तपासतोय, म्हणजे फ्यूज वाया जात नाहीत आणि वायरही जळत नाही. हेडलाइट, हॉर्न, ब्रेक स्विच, इंडिकेटर, इग्निशन कॉइल, सगळं सोडवलं. चावी चालू, हँडल सरळ: बल्ब विझलेला. उजवीकडे पूर्ण वळवलं की लख्ख पेटतो. चावी बंद असताना कसंही वळवा, काही नाही. म्हणजे चावीनंतरचीच वायर मानेपाशी (हँडल जिथे चेसिसमध्ये फिरतं तिथे) चेसिसला लागतेय.

तेवढा तुकडा बदलावा की हेडलाइटपासून टाकीखालपर्यंत सलग वायर ओढावी? वळणावर सोल्डर केलं तर वायर कडक होऊन तिथेच तुटते, म्हणून मानेत जोड नकोच वाटतो. १.५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची ऑटो वायर सांगली-मिरजेत सुटी कुठे मिळेल?