सल्ला हवा आहे : हिवाळ्यात घराजवळच्या टेकडीवर पक्षी ओळखायला सुरुवात कशी करावी? (पुणे, कोथरूड)

रानजाई :
नमस्कार. आम्ही यंदाच कोथरूडला राहायला आलो असून, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी सुट्टीच्या दिवशी सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. बुलबुल, साळुंकी, कोतवाल, वेडा राघू एवढे पक्षी आम्हांला ओळखता येतात. परंतु दिवाळीनंतर काही अनोळखी पक्षी दिसू लागले आहेत आणि त्यांतले पाहुणे कोणते व बारमाही कोणते, हे उमगत नाही. मी या विषयात अगदी नवखी आहे. लांबच्या सहली शक्य नाहीत. कोणत्या पक्ष्यांपासून सुरुवात करावी, किती वाजता निघावे आणि दुर्बीण कोणती घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

माळरान :
ताई, टेकडीवरच्या खाणीपासून सुरुवात करा. तिथल्या उघड्या कातळावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत थिरथिरा हा हिवाळी पाहुणा बहुधा दिसतोच. नर वरून काळा आणि पोटाशी विटकरी, मादी तपकिरी. दोघांचीही शेपटी तांबूस असते आणि बसल्या जागी ती सारखी थरथरत राहते. त्याच दगडांवर चीरक हा बारमाही पक्षीही वावरतो आणि नवख्या माणसाची गल्लत नेमकी इथे होते, कारण चीरकाचा नरही काळाच असतो. मात्र त्याची शेपटी काळी असून तो ती उभी धरतो, आणि तांबूस रंग फक्त शेपटीच्या खालच्या बाजूला दिसतो. हे दोघे एकदा निश्चित ओळखता आले, की रंगापेक्षा पक्ष्याची बसण्याची ढब अधिक उपयोगाची असते, हे मुलीला आपोआप समजेल.

कोतवाल तुम्ही ओळखताच, तेव्हा पुढची पायरी राखी कोतवालाची. तो हिवाळ्यातच येतो, तारांवर न बसता झाडांच्या सावलीत बसतो, रंगाने गडद राखाडी असतो आणि त्याचे डोळे लालभडक असतात. झुडपांतून 'चक् चक्' आवाज करणारे, पण अंगावर ठळक खूण नसलेले वटवट्ये मात्र या वर्षी सोडून द्यावेत. ते ओळखताना अनुभवी माणसेही चाचपडतात, आणि मुलांचा उत्साह तिथे उगाच मावळतो.

नदीकाठ :
मुठेच्या पात्राकडे पायी जाणे जमत असेल, तर धोबी पाहण्यासाठी अवश्य जा. करड्या धोब्याचे पोट पिवळे असल्यामुळे अनेक जण त्यालाच पिवळा धोबी समजतात. पाठीकडे पाहावे : राखाडी पाठ आणि बरीच लांब शेपटी असेल तर तो करडा, हिरवट पाठ असेल तर पिवळा. हे दोघेही पाहुणे आहेत. काळा-पांढरा, पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी मात्र वर्षभर इथेच राहतो. उथळ पाण्यात गुलाबी, लांबलचक पायांचा शेकाट्याही दिसेल.

वेळेबाबत सांगायचे, तर जानेवारीत पुण्यात सूर्योदयच सातनंतर होतो आणि थंडीमुळे कीटकही उशिरा हालचाल करू लागतात, त्यामुळे कीटकभक्षी पक्ष्यांसाठी साडेसात ते साडेनऊ ही वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. सूर्य पाठीशी राहील अशी वाट धरावी, नाहीतर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

दूरदृष्टी :
दुर्बीण ८ × ४२ घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, आणि दुसरा समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप वाढतो आणि दिसणारा परिसर आक्रसतो, त्यामुळे मुलांना फांदीवरचा पक्षी शोधणे अवघड जाते. वजनामुळे मुलीची मान दुखत असेल, तर तिच्यासाठी ८ × ३२ चालेल. खरेदीची घाई मात्र नको; थिरथिरा, चीरक आणि धोबी नुसत्या डोळ्यांनीही चांगले ओळखता येतात.

रानजाई :
सर्वांचे मनापासून आभार. आवाजावरून पक्षी ओळखणारे मोबाइल ॲप वापरावे का? काही जण टेकडीवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावताना दिसतात. ते योग्य आहे का?

माळरान :
मर्लिन हे ॲप विनामूल्य आहे आणि आवाज टिपून नाव सुचवते. तो अंदाज समजावा. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत नाव लिहू नये. आवाज वाजवून पक्षी बोलावणे मात्र कृपया कधीही करू नका. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो पक्षी खाणे सोडून धावून येतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची ताकद त्यात व्यर्थ जाते. मुलीला हे कारण आवर्जून सांगा. फेब्रुवारीत पांगारा आणि काटेसावर फुलल्यावर त्या झाडांखाली थोडा वेळ थांबा : गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या थव्याने मधासाठी येतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे परततात.