बंड की उठाव? वास्तू की घर?

प्रश्न : अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, कोर्टलँड गावी रिबेका वॉन या विधवा बाईचं लाकडी घर जतन केलेलं आहे. ऑगस्ट १८३१ मध्ये नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलाम उठले, त्या घटनेशी हे घर जोडलेलं आहे. त्याविषयी चार ओळींचा मजकूर लिहिते आहे. ‘गुलामांचं बंड’ लिहू की ‘उठाव’? आणि घराला हवेली म्हणू, वास्तू म्हणू की स्मारक?

प्रतिसाद १ : ‘उठाव’च लिहा. ‘बंड’ आपण ‘पुकारतो’ हे खरं, पण इतिहासात हा शब्द बहुतेक वेळा ‘मोडलं’, ‘चिरडलं’, ‘शमवलं’ यांच्या सोबतीने येतो, म्हणजे वरून पाहणाऱ्याच्या तोंडून. ‘बंडखोर’मधला ‘खोर’ तर लाचखोर, भांडखोर यांच्या पंगतीतला. उमाजी नाइकांचं बंड, शिपायांचं बंड, १८७९ मधलं वासुदेव बळवंतांचं बंड असं आपणही लिहीत होतो. पुढे फडक्यांना ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणू लागलो. आपल्या माणसांसाठी शब्द बदलले, तर टर्नरला जुना का चिकटवायचा?

‘गुलाम’ मूळ अरबी, अर्थ मुलगा, पोऱ्या. मोठ्या माणसालाही पोऱ्याच ठेवणारा शब्द. एकदा तरी ‘गुलामगिरीत ठेवलेली माणसं’ असं लिहा, म्हणजे कुणीतरी त्यांना तसं ठेवलं होतं हे वाक्यातच येईल. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्यांची दास्यातून सुटका करणाऱ्या तिथल्या लोकांना. त्यामुळे ‘गुलामगिरी’ हा शब्द मराठीत या विषयाला परका नाही.

प्रतिसाद २ : ‘उठाव’ मान्य. पण त्या शब्दाआड घरात घडलेलं झाकू नका. रिबेका वॉन तिथेच मारली गेली. त्या दोन दिवसांत सुमारे ५५ गोरी माणसं मेली, त्यांत बायका-मुलंही होती. मग सूड म्हणून काळ्यांच्या हत्या झाल्या, उठावाशी काही संबंध नसलेल्यांच्याही. हे दोन्ही लिहा.

‘हवेली’ नको. घर साधं, दीड मजली आहे. ‘वाडा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौक येतो. ‘स्मारक’ म्हटलं की ‘कुणाचं?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘वास्तू’विषयी मला जास्त अडचण वाटते. आपण वास्तुशांत करतो ती नुसत्या भिंतींची नव्हे, त्या शब्दात जागाही धरलेली असते. हे घर तर २००४ मध्ये मूळ जागेवरून हलवून कोर्टलँडमध्ये आणलं. तेव्हा सरळ ‘घर’ म्हणा.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. आता असं लिहिलं आहे : ‘रिबेका वॉन यांचं जतन केलेलं घर. १८३१ मध्ये गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांनी केलेल्या उठावात त्या या घरात मारल्या गेल्या. नॅट टर्नरला ११ नोव्हेंबर रोजी याच गावात फाशी दिली. तेव्हा गावाचं नाव जेरुसलेम होतं.’ सूडाच्या हत्यांची ओळ अजून बसवायची आहे. ‘हत्याकांड’ की ‘कत्तल’?