थंडीत सकाळी गाडी सेल्फ घेत नाही : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

गेल्या जानेवारीतला मंगळवार. पहाटे साडेपाचला आईला डायलिसिसला न्यायचं होतं. तिला शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली. काट्यांमागचे दिवे लागले. सेल्फ मारला, तर घर्र... घर्र... असा दोनदा कण्हल्यासारखा आवाज आला आणि दिवेच मिणमिणते झाले. तिसऱ्यांदा तोही आवाज नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांना उठवलं आणि ते स्वेटर घालत घालतच त्यांची गाडी काढून आले. त्या दिवशी आई वेळेवर पोचली ती त्यांच्यामुळे.

दुपारी मिस्त्री आले. मीटर लावल्यावर गाडी बंद असताना बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती. सेल्फ मारताच आकडा ८.३ वर घसरला. तो साधारण ९.६ च्या खाली जायला नको, असं त्यांनी सांगितलं. बॅटरी साडेतीन वर्षांची होती. मी म्हटलं, थंडीनं गेली म्हणायची. ते म्हणाले, "थंडीनं नाही गेली ताई, उन्हाळ्यानं गेली. थंडीत फक्त उघडी पडली."

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या गावानं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशही. मे महिन्यात बॉनेटखालच्या भट्टीत बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. तरी पावसाळाभर गाडी सुरू होत राहते, कारण गरम इंजिन फिरवायला फार जोर लागत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं आणि नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. म्हणजे जास्त ताकद हवी, तेव्हाच ती कमी मिळते.

तुमच्याकडे काय झालं, नेमकं काय निघालं, ते लिहा. वर आपला भाग, इंधन आणि गाडीचं वय टाका. माझं : खामला, पेट्रोल, ७ वर्षं.

*

मानेवाडा, डिझेल, ११ वर्षं

माझी बॅटरी नवीकोरी होती. सेल्फ सणसणीत फिरायचा, पण गाडी उचलायची नाही. चौथ्या-पाचव्या वेळी एकदाची लागायची आणि पांढऱ्या धुराचा लोट निघायचा. धुराला कच्च्या डिझेलचा वास यायचा. अंगणातल्या तुळशीपर्यंत धूर जायचा म्हणून बायको वैतागलेली. दिवसभर मात्र अर्ध्या सेल्फला सुरू.

एकानं छातीठोकपणे सांगितलं की डिझेल गोठतंय. मी दोन आठवडे वेगवेगळ्या पंपांवर डिझेल भरून पाहिलं. नागपूरच्या थंडीत डिझेल गोठत नाही हो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. तिथली गोष्ट वेगळी, आपली वेगळी.

निघालं काय, तर हीटर प्लग. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. लोखंड गार असलं की ती उष्णता भिंतीच खाऊन टाकतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर दिलेला असतो. माझ्या चारपैकी तीन मेलेले होते. मिस्त्रीनं काढून ओळीनं ठेवले. एकाचं टोक फुगून फाटलेलं, दोन दिसायला अगदी धडधाकट, पण मीटरवर मेलेले. चारही बदलले.

आणि माझी एक चूक लिहितो. किल्ली फिरवली की काट्यांजवळ वेटोळ्याची पिवळी खूण लागते. मी अकरा वर्षं ती विझायची वाट न पाहता सेल्फ मारत होतो. ती विझू द्या, मग मारा. दोन-तीन सेकंदांचं काम आहे.

*

कामठी रोड, पेट्रोल, ४ वर्षं

आमचं फार साधं निघालं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली होती. क्लॅम्प हातानं फिरत होता, इतका सैल. दहा नंबरच्या पान्यानं आधी मायनस काढला, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला तर फसफसून सगळं निघालं. पुसून, घट्ट आवळून, वरून व्हॅसलिनचा हात. लावताना आधी प्लस. खर्च शून्य. नवी बॅटरी घ्यायला निघालेच होते मी. हातमोजे मात्र घाला, त्या भुकटीत आम्ल असतं.

*

धरमपेठ, आता गाडी नाही

वय ७४. माझ्याकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० होती. थंडीत चोक ओढायचा (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका), सेल्फ मारायचा, इंजिन जरा तापलं की चोक हळूहळू आत. पूर्ण आत ढकलायची घाई केली की गाडी बंद, आणि विसरून तसाच ठेवला की प्लग काळे. मुलाच्या गाडीत बसलो की माझा पाय अजून आपसूक ॲक्सिलरेटरकडे जातो. आताच्या इंजेक्शनच्या गाडीला (पेट्रोल किती सोडायचं ते ती स्वतःच ठरवते) सुरू करताना रेस द्यावी लागत नाही, हे आमच्या पिढीतल्यांनी लक्षात घ्यावं.

*

वाडी, ३० वर्षं हेच काम करून राहिलो

राजेहो, सगळे जण "गाडी सुरू होऊन नाही राहिली" एवढंच सांगता. आवाज कसा येतो ते सांगा ना. अर्धा आजार तिथंच कळते.

सेल्फ मंद फिरते, दिवे मंद होतात : बॅटरी, टर्मिनल, नाहीतर इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी. ही पट्टी कोणी पाहतच नाही. एका माणसानं दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. मी पट्टी हातात घेतली तर आतून सगळी हिरवी, चार तारा राहिल्या होत्या फक्त. पट्टी बदलली, गाडी लागली.

नुसतं टक-टक-टक : बॅटरी पार बसलेली. एकच जोरात टक् आणि पुढं काही नाही : सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा खटका) पहा, नाहीतर सेल्फच्या आत करंट पोचवणारे कार्बन झिजून संपलेले.

सेल्फ जोरात फिरते पण गाडी उचलत नाही : बॅटरीला हात लावू नका. डिझेल असेल तर हीटर. पेट्रोल असेल तर प्लग, नाहीतर पेट्रोलचा दाब. किल्ली ऑनवर आणून दोन सेकंद थांबा, मागच्या सीटखाली पंपाचा बारीक गुणगुणता आवाज येते. तो आला की मग सेल्फ.

ऑइलचं पण ऐका. आपल्याकडं उन्हाळा मोठा म्हणून लोक हट्टानं घट्ट ऑइल टाकतात. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं आहे आणि भरून आणलं २०डब्ल्यू-५०. हा डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ. पुस्तकात आहे तेच टाका.

पाच सेकंदांच्या वर सेल्फ दाबून धरू नका. अर्धा मिनिट थांबा, मग पुन्हा. सेल्फ जळला की बॅटरीपेक्षा महाग पडते. गिअरवाली गाडी असेल तर क्लच पूर्ण दाबा, गिअरबॉक्समधल्या गार ऑइलचं ओझं सेल्फवर येत नाही.

*

हिंगणा एमआयडीसी, सीएनजी, ५ वर्षं

पहिली पाळी सातची, घरून सहाला निघतो. माझी गाडी सुरू पेट्रोलवरच होते आणि तापली की सीएनजीवर जाते. पैसे वाचवायचे म्हणून पेट्रोलचा काटा कायम तळाला. तेच पेट्रोल पाच-सहा महिने टाकीत. जुन्या पेट्रोलमधला चटकन पेटणारा भाग उडून गेलेला असतो, आणि गार इंजिनाला तोच लागतो. शिवाय टाकीतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं. माझा पंप गेला. डिसेंबरात तीन वेळा पाळी चुकली, एक दिवस पगार कापला. आता दर महिन्याला थोडं ताजं पेट्रोल टाकतो आणि आठवड्यातून एक दिवस पेट्रोलवरच चालवतो.

*

वर्धा रोड, पेट्रोल ऑटोमॅटिक, २ वर्षं

आम्ही चार दिवस पेंचला गेलो होतो, दुसऱ्या गाडीनं. परतल्यावर ही बेसमेंटात मुकी. दोन वर्षांच्या गाडीला हे व्हावं याचं फार वाईट वाटलं. सोसायटीतली मुलं धक्का मारायला धावत आली, पण ऑटोमॅटिक धक्क्यानं सुरू होत नाही.

कारण होता बाहेरून बसवलेला डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा. पार्किंगमध्येही चालू राहावा म्हणून त्याची वायर थेट बॅटरीला जोडलेली. गाडी बंद असताना ३०० मिलिअँपिअर जात होते, जे ५० च्या आत हवेत. दिवसाला ७ अँपिअर-तासांहून जास्त. माझी बॅटरी ३५ ची, म्हणजे अडीच दिवसांत निम्मी रिकामी. उन्हाळ्यात उरलेल्या निम्म्यावर कदाचित सुरू झाली असती, जानेवारीत नाही.

जंपर लावताना क्रम पाळा : लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्याजवळ पडू नये म्हणून हे. काढताना उलट क्रमानं.

*

पारडी, पेट्रोल, ९ वर्षं

वाडीच्या भाऊंनी सांगितलेल्या कशातच माझी गाडी बसत नव्हती. बॅटरी ठीक, पंप ठीक, प्लग नवे. शेवटी कूलंटचा तापमान सेन्सर निघाला. तो ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन गरम असल्याचंच सांगत होता, म्हणून थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळतच नव्हतं. स्कॅनरवर सकाळी सातला, रात्रभर उभ्या गाडीत, ७८ अंश दिसले तेव्हा कळलं. तीन ठिकाणी फिरलो होतो, पण प्रत्येक वेळी गाडी चालवत, तापवूनच नेली. चौथ्यानं सांगितलं, "रात्री इथंच ठेवून जा, सकाळी मी सुरू करतो."

*

खामला, पुन्हा मी

वाडीच्या भाऊ, तुमचं वाचून आज अर्थिंगची पट्टी पाहिली, धड आहे. पारडीच्या दादांसारखं मीही ठरवलंय, मिस्त्रींना यापुढे गाडी गारच दाखवायची. नव्या बॅटरीवर मी मार्करनं महिना-वर्ष लिहून ठेवलंय, आणि ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आत, मीटर लावून घेणार आहे.

डिकीत आता जाड तारेची जंपर केबल असते. खामला, देवनगर, स्नेहनगर भागात कुणाची गाडी पहाटे अडली तर इथं लिहा. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला आम्ही दोघी बाहेर पडतो. दहा मिनिटं आधी निघू.