कामाच्या दिवशी संध्याकाळी करायच्या ब्राउनी: कोको वापरावा की चॉकलेट?

पाऊलवाट:

नमस्कार. मी ठाण्यात राहते आणि कार्यालयातून घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. मुलीला आठवड्यातून एखाद्या वेळी शाळेच्या डब्यात घरी केलेली ब्राउनी हवी असते, आणि विकतच्या ब्राउनीपेक्षा ती घरीच करावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र स्वयंपाक, जेवण आणि दुसऱ्या दिवसाची तयारी यांतून या कामासाठी फार तर तासभर मिळतो.

पाककृती पुष्कळ वाचल्या, पण त्यांत एकवाक्यता दिसत नाही. कोणी चॉकलेट वितळवायला सांगते, तर कोणी केवळ कोको पावडर वापरते. काही कृतींमध्ये बेकिंग पावडर आवर्जून घातलेली असते, तर काहींमध्ये ती मुळीच घालू नये असे म्हटलेले असते. वरचा पातळ, चकचकीत, तडे गेलेला पापुद्रा आणि आतला ओलसरपणा नेमका कशामुळे येतो, हे समजले तर कृती निवडणे सोपे जाईल. माझ्याकडे लहान ओटीजी आहे. आणखी एक अडचण म्हणजे आमच्याकडे गुरुवारी अंडे चालत नाही, त्यामुळे बिनअंड्याचा खात्रीचा पर्यायही हवा आहे.

कोकमसरी:

कामाच्या दिवसासाठी निःसंकोचपणे कोकोच्या ब्राउनी कराव्यात, असे माझे मत आहे. चॉकलेट चिरणे आणि ते जळू न देता वितळवणे यात वेळ जातोच, पण खरे कारण त्याहून वेगळे आहे. आपल्याकडच्या किराणा दुकानात ‘डार्क’ म्हणून मिळणाऱ्या अनेक वड्या कंपाउंड चॉकलेटच्या असतात, म्हणजे त्यांत कोको बटरऐवजी वनस्पती तेलापासून केलेली चरबी असते. पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तिच्यात पहिले नाव साखरेचे, दुसरे वनस्पती चरबीचे आणि तिसरे कोकोचे असेल, तर त्या वडीतून मिळणारा चॉकलेटचा स्वाद थोडा आणि गोडी फार. उलट चांगल्या कोको पावडरीत स्वाद एकवटलेला असतो, आणि लोणी व साखर किती घालायची हे पूर्णपणे आपल्या हाती राहते.

दोन अंड्यांचे प्रमाण पुढीलप्रमाणे घ्यावे: बटर १२० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, कोको ६० ग्रॅम, मैदा ६० ग्रॅम, अर्धा चमचा व्हॅनिला आणि चिमूटभर इन्स्टंट कॉफी. कॉफीची चव लागत नाही, मात्र कोको अधिक गडद वाटतो. नेहमीचे खारवलेले पिवळे बटर असेल तर मीठ वेगळे घालू नये, घरचे पांढरे लोणी असेल तर पाव चमचा घालावे. शक्य असेल तर वजनकाटा वापरावा, कारण कोको वाटीत दाबून भरला आणि सैल भरला तर वजनात बराच फरक पडतो.

सर्वप्रथम ओटीजी १७० अंशांवर, वरचा व खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवून तापायला लावावा. जाड बुडाच्या पातेल्यात बटर, साखर आणि कोको एकत्र करून मंद आचेवर ठेवावे व सतत ढवळावे. मिश्रण खदखदू देऊ नये. ते बोटाला चांगले चटका देण्याइतके तापले की उतरवावे. या टप्प्यावर ते रवाळ आणि फाटल्यासारखे दिसते, त्यामुळे काही बिघडले असे समजू नये. पाचेक मिनिटांनी, बोट बुडवून ठेवता येईल इतके कोमट झाल्यावर, फ्रिजमधले एक अंडे फोडून घालावे, जोमाने फेटावे, मग दुसरे घालावे. आता मिश्रण एकदम चकचकीत होते. मैदा चाळून घालावा आणि कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे. सगळे एकाच पातेल्यात होते आणि धुवायला फारशी भांडी पडत नाहीत.

आपण विचारलेल्या पापुद्र्याचे रहस्य साखरेत आहे. साखर चरबीत विरघळत नाही, तिला पाणी लागते. बटरमध्ये साधारण सहावा हिस्सा पाणी असते आणि उरलेले अंड्यातून मिळते. गरम मिश्रणात अंडे नीट फेटले गेले की साखर त्या पाण्यात विरघळते, अंड्यातील प्रथिनांबरोबर पृष्ठभागावर येते आणि भट्टीच्या कोरड्या उष्णतेत तिचा पातळ थर सुकून त्याला तडे जातात. आपल्याकडच्या साखरेचा दाणा मोठा असतो. परदेशी कृतींमध्ये गृहीत धरलेली साखर बरीच बारीक असते, म्हणून त्या कृती जशाच्या तशा केल्या तर पापुद्रा कधी येतो, कधी येत नाही. साखर मिक्सरमधून दोनदा फिरवून रव्याइतकी बारीक करावी. बाजारातील आयसिंग शुगर मात्र घेऊ नये, कारण तिच्यात बहुधा कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते.

बेकिंग पावडरीबद्दल सांगायचे तर या प्रमाणात तिची गरज नाही. तिच्यामुळे मिश्रणात वायूचे बुडबुडे तयार होतात, ब्राउनी फुगते आणि तिचा पोत केककडे झुकतो. काहींना तसा पोत आवडतो आणि त्यात गैर काही नाही, परंतु आपल्याला ओलसर, घट्ट ब्राउनी हवी असेल तर पावडर डब्यातच राहू द्यावी.

सात इंची चौकोनी टिनमध्ये बटर पेपर असा घालावा की त्याची दोन टोके बाहेर राहतील. मधल्या जाळीवर वीस मिनिटे भाजावे. टूथपिक कोरडी बाहेर येण्याची वाट पाहू नये, कारण तो केकचा निकष आहे. टूथपिकला ओलसर कण चिकटलेले असावेत, पण वाहते पीठ नसावे. बाहेर काढल्यावरही टिनच्या उष्णतेने ब्राउनी काही मिनिटे शिजत राहते, म्हणून दोन मिनिटे लवकर काढणे हे दोन मिनिटे उशिरा काढण्यापेक्षा केव्हाही चांगले.

निळासावर:

कोकमसरी यांनी फार नेमके लिहिले आहे. चॉकलेटच्या बाजूने मात्र दोन शब्द लिहावेसे वाटतात. खरे कोको बटर असलेले चॉकलेट घरात असेल, तर त्याच्या ब्राउनीला येणारा दाट, जिभेवर हळूहळू वितळणारा पोत केवळ कोकोने येत नाही. कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते आणि खोलीच्या तापमानाला घट्ट राहते, त्याचा हा परिणाम आहे. रविवारी सवडीने केल्या तर मी चॉकलेटच्याच करतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी मधला मार्ग म्हणून वरील कोकोच्या मिश्रणात शेवटी पन्नास ग्रॅम चिरलेले चॉकलेट नुसते ढवळून घालावे. ते वितळवावे लागत नाही आणि भाजताना त्याचे मऊ कप्पे तयार होतात. मूठभर अक्रोड घालायचे असतील तर ते ओटीजी तापत असतानाच पाच मिनिटे आत ठेवून खमंग करून घ्यावेत, कारण मिश्रणात बुडालेला कच्चा अक्रोड भाजला न जाता नुसता मऊ पडतो.

ओटीजीविषयी एक सूचना. लहान ओटीजीच्या बटणावरील अंश आणि आतले खरे तापमान यांत अनेकदा तफावत असते. आत ठेवायचा साधा थर्मामीटर एकदा घेतला की ती कायमची समजते. ब्राउनीच्या कडा कडक आणि मधला भाग कच्चा राहत असेल, तर तापमान १० ते १५ अंशांनी कमी करावे आणि वेळ थोडा वाढवावा. पंख्याच्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये करणाऱ्यांनीही तापमान तेवढेच कमी ठेवावे. धातूचा टिन फक्त कन्व्हेक्शन प्रकारात चालतो, मायक्रो किंवा एकत्रित प्रकारात आपल्या यंत्राची पुस्तिका परवानगी देत नसेल तर तो ठेवू नये.

जवसफूल:

गुरुवारचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्या घरी अंडे कधीच येत नाही, त्यामुळे मी बिनअंड्याच्याच ब्राउनी करते. अंडे दोन वेगळी कामे करते: ते मिश्रण बांधून ठेवते आणि पापुद्र्यासाठी लागणारी प्रथिने व पाणी पुरवते. एकाच पदार्थाने ही दोन्ही कामे होतील अशी अपेक्षा ठेवली की निराशा होते.

बांधून ठेवण्यासाठी जवसासारखे दुसरे काही नाही. आमच्या विदर्भात चटणीसाठी जवस घरात असतेच. ते चटणीसाठी भाजतो तसे न भाजता, कच्चेच बारीक दळून घ्यावे. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा पूड आणि तीन मोठे चमचे पाणी एकत्र करून दहा मिनिटे ठेवावे. ते बुळबुळीत आणि दाट होते. वरील कृतीत दोन अंड्यांच्या जागी याच्या दुप्पट घालावे, बाकी प्रमाण तेच ठेवावे. ब्राउनी घट्ट, ओलसर आणि किंचित खमंग होतात, परंतु पापुद्रा फारसा येत नाही.

पापुद्रा हवाच असेल तर छोले किंवा काबुली चणे शिजवल्यावर उरलेले दाटसर पाणी वापरावे. चणे मीठ व सोडा न घालता शिजवलेले असावेत आणि पाणी थंड असावे. सहा मोठे चमचे पाणी विजेच्या बीटरने पांढरा फेस येईपर्यंत फेटून, कोमट झालेल्या मिश्रणात हलक्या हाताने मिसळावे. चण्याचा वास भाजल्यावर राहत नाही. बुधवारी रात्री छोले केले तर गुरुवारची सोय आपोआप होते.

दह्याच्या कृती पुष्कळ दिसतात, पण त्यांतून बहुधा चॉकलेट केक तयार होतो. दही घालायचेच असेल, तर कोकोचा प्रकार पाहून घ्यावा. साधा कोको आम्लधर्मी असतो आणि तो सोड्याबरोबर फसफसतो. अल्कलीची प्रक्रिया केलेला, डच पद्धतीचा गडद कोको तसे करत नाही, त्यामुळे तिथे सोड्याला दह्याचे आम्ल लागतेच, नाहीतर ब्राउनीला साबणासारखी चव येते. पाकिटावर अल्कलाइज्ड असा उल्लेख आहे का, ते पाहावे. सोडा नसलेल्या कृतीत मात्र दोन्ही कोको चालतात, गडद कोकोची चव सौम्य आणि साध्या कोकोची थोडी आंबूस, इतकाच फरक.

मैद्याऐवजी कणीक चालते का, असेही पुढे विचारले जाईल म्हणून लिहून ठेवते. अवश्य चालते. ब्राउनीत पीठ इतके थोडे असते की घरची बारीक चाळलेली कणीक त्याच वजनाने घेतली तरी पोतात विशेष फरक पडत नाही. नाचणीचे पीठही मी अर्ध्या प्रमाणात वापरते, कोकोच्या रंगात ते मिसळून जाते.

पाऊलवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साखर आणि पाणी यांचा संबंध समजल्यावर पाककृतींमधला गोंधळ बराचसा दूर झाला. दोन शंका उरतात. रात्री नऊच्या सुमारास ब्राउनी बाहेर निघाल्या तर त्या लगेच कापता येतील का? आणि पीठ आदल्या दिवशी कालवून फ्रिजमध्ये ठेवले, तर वेळ वाचेल का? माझ्या नणंदेकडे ओटीजी नाही, तिला कढईत करता येतील का, हेही कृपया सांगावे.

कोकमसरी:

गरम ब्राउनी कापली की ती चुरते. घाई असेल तर परातीत गार पाणी घेऊन त्यात टिन बुडापुरता ठेवावा, पाणी आत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. वीस-पंचवीस मिनिटांत ती कापण्याजोगी होते. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक वेळी सरळ खाली दाबावी, करवतीसारखी चालवू नये. मात्र डबा सकाळी भरायचा असल्याने खरे तर रात्रभर टिनमध्येच झाकून ठेवणे उत्तम. दुसऱ्या दिवशी ओलावा सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि स्वादही मुरतो. सकाळी बटर पेपरची टोके धरून पूर्ण वडी उचलावी आणि कापावी.

पीठ आदल्या दिवशी कालवून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. फ्रिजमध्ये बटर गोठते, ते टिनमध्ये पसरत नाही आणि पापुद्राही कमी येतो. त्याऐवजी रविवारी बारीक केलेली साखर व कोको एका बरणीत आणि मैदा वेगळ्या पुडीत मोजून ठेवावा. मग संध्याकाळी फक्त बटर वितळवणे आणि अंडी फोडणे उरते, आणि ओटीजी तापेपर्यंत मिश्रण जवळजवळ तयार झालेले असते.

निळासावर:

कढईत जरूर होतात. जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्यावी, नॉनस्टिक रिकामी तापवू नये. आत लहान स्टँड ठेवून घट्ट झाकण लावावे आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी. मग टिन ठेवून आच अगदी मंद करावी आणि पस्तीस मिनिटांनी पहिल्यांदा झाकण उघडावे. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवणे अत्यावश्यक आहे, आणि आत पाणी घालायचे नसते. कढईत उष्णता मुख्यतः खालून येते आणि वाफ आतच राहते, त्यामुळे वर पापुद्रा येण्याची अपेक्षा नणंदबाईंनी ठेवू नये. तळ लवकर लागू नये म्हणून टिनखाली बटर पेपरची आणखी एक घडी ठेवता येईल.

उरलेल्या ब्राउनी हवाबंद डब्यात बाहेर दोन-तीन दिवस टिकतात, मुंबई-ठाण्याच्या पावसाळी हवेत त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. एकेक चौकोन बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला तर महिनाभर चांगला राहतो. सकाळी गोठलेलाच डब्यात घालावा, मधल्या सुट्टीपर्यंत तो खाण्याजोगा मऊ होतो.